झाळलेलं झाकण

प्रिय मुकुल,

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला पत्र कसलं लिहितोस, असं म्हणून हसशील. पण समोर बसलो तर माझा आवाज चढेल, आणि तेवीस वर्षांत आपला आवाज एकमेकांवर कधी चढलेला नाही.

गाडीचं दुखणं सापडलं. दीड महिना या जुन्या फियाटनं मला कसं छळलं, तुला ठाऊकच आहे. वीस-पंचवीस मिनिटं गुणी मुलीसारखी चालायची आणि भर रस्त्यात गप्प व्हायची. अर्धा तास उभी राहिली की पुन्हा चालू. मी कॉइल बदलली, प्लग घासले, कार्बोरेटर तीनदा धुतला. एकदा पुण्याच्या एका म्हाताऱ्या जोडप्याला सारनाथच्या वाटेवर उन्हात उभं करावं लागलं. त्या बाईंनी उलट मलाच पाणी पाजलं. मराठी बोलणारा ड्रायव्हर म्हणून यात्रेकरू मला शोधत यायचे, तेही कमी झाले. तू पाठीवर हात ठेवून म्हणालास, "विष्णु, काशीत माणसं मुक्तीला येतात, मग गाडीनं कुणाचं घोडं मारलंय? सोडव हिला." मी हसलो. माझे जुने मालक दिनानाथशास्त्री, त्यांनी शेवटच्या दिवसांत माझ्या हातात दिलेली गाडी. तुझ्या मेहुण्याला, शरदिनीवहिनींच्या भावाला, केयूरला, ती आपल्या हॉटेलच्या दारात शोभेला हवी होती. दोनदा मी नाही म्हटलं होतं. त्या दिवशी हो म्हणालो.

काल ती पुन्हा थांबली. पेट्रोल भरपूर होतं, तरी सहज टाकीचं झाकण फिरवलं. आत हवा शिरल्याचा मोठा फुस्स आवाज झाला आणि गाडी एका किल्लीत चालू झाली. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी तेलाचा डबा उपडा करून दाखवलं होतं, की दुसरं भोक पाडल्याशिवाय तेल नीट बाहेर येत नाही. टाकीचंही तसंच. पेट्रोल जायला हवं तर हवा आत यायला हवी, म्हणून झाकणात बारीक भोक असतं.

ते भोक आतून कथलानं झाळून बुजवलेलं होतं.

यात्रेकरूंसाठी गंगाजलाच्या गडूंची तोंडं तू कथिल वितळवून झाळतोस, ते मी इतकी वर्षं शेजारी बसून पाहिलंय. तू डावखुरा. तापलेली सळई उचलताना कथलाला एक शेपूट राहतं, ते तुझ्या हातून उलट्या बाजूला वळतं. झाकणावर तेच होतं. श्राद्धाला गावी गेलो तेव्हा किल्ल्या तुझ्याकडेच ठेवल्या होत्या.

एका थेंबाचं काय एवढं, असं मी रात्रभर मनाला सांगून पाहिलं. पण तू रोज संध्याकाळी विचारायचास, "आज कुठं रुसली?" आणि मी सगळं सांगायचो. तू चहा ओतत ऐकायचास. गाडी चालू दे म्हणून मंगला गौरीला मी नवस बोललो, तेव्हा तू शेजारी हात जोडून उभा होतास. मुकुल, तू तिथं काय मागितलंस?

भोक मी मोकळं केलंय. केयूरनं कागद आणू नयेत. सही होणार नाही. त्याला यातलं काही माहीत असेल असं मला वाटत नाही. पण लिहायला बसलो ते यासाठी नाही. परवा भाऊबीज. दर वर्षी वहिनी केयूरच्या शेजारी माझाही पाट मांडतात आणि आधी मला ओवाळतात, मी वयानं मोठा म्हणून. तबक हातात धरून त्या विचारणारच, गाडीचं काय झालं. मला त्यांच्याशी खोटं बोलता येणार नाही, आणि खरं माझ्या तोंडून त्यांच्या कानावर जाऊ नये. म्हणून तू सांग, परवाच्या आत. सांगितलंस तर मी येईन. नाहीतर त्यांना म्हण, एकच पाट मांड.

अजून तरी तुझाच,
विष्णु