न पेटलेलं घर

गुरुवार, संध्याकाळ

आज आठवीला लंडनची ती जुनी आग शिकवली. जवळपास सगळं शहर राख झालं. आग पुढे सरकू नये म्हणून लोकांनी वाटेतली धडधाकट घरं स्वतःच पाडली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, "मैम, पर वो घर तो जल ही नहीं रहा था!" मी म्हटलं, बाकीची वाचावी म्हणून. तिला पटलं नाही. मला तरी कुठे पटलं?

शाळेतून थेट मदन महलला, दादाकडे. आईवरून त्याचं नि वहिनीचं रोजचं भांडण. आज तर वहिनी बॅग भरून दारात. तोडगा आधीच ठरला होता: आईला मी न्यायचं. आईचे डॉक्टर इथे शहरात, म्हणून दूर पाटनच्या शाळेत मुख्याध्यापिका व्हायची चालून आलेली संधी मी सोडायची. "तुझं काय, तू एकटीच तर आहेस," दादा म्हणाला.

एकटी काहून राहिली, हे कोण विचारतं? बाबा अंथरुणाला खिळले तेव्हाही ठरलेलं लग्न माझंच मोडलं. दादाचं त्याच वर्षी थाटात झालं.

आणि मी हो म्हटलं. काहून म्हटलं? पेटलं होतं त्यांच्याकडे. माझं तर कुठे जळून राहिलं होतं?

वहिनीनं बॅग आत नेली, सगळ्यांसाठी चहा टाकला. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली,

"चलो, घर वाचलं बाई."