न उतरणारे एकतीस फोटो

ताई,

वाचून झाल्यावर ही चिठ्ठी फाडून टाक, बाबांच्या हाती लागायला नको.

राउटरला जोडलेल्या घरच्या स्टोरेज बॉक्समधले, आपण सगळे टाकतो ते फोटो तुझ्या हार्ड डिस्कवर दर वेळी अर्धवट का उतरतात, ते सापडलं. वायर बदलली, राउटरला उगाच शिव्या घातल्या. अडत होते ते तेच एकतीस फोटो, सगळे बाबांनी यंदा टाकलेले. फाइलचं नाव फार लांबलं की ती कॉपी होत नाही, आणि बाबांनी नावाच्या जागी माणसांची ओळख लिहून ठेवली आहे. 'हा चष्मेवाला माझा धाकटा मुलगा, पटकन चिडतो, म्हणून याला एकच गोष्ट दोनदा विचारायची नाही.' तो मी.

नावं छोटी केली की काम होईल, पण माझा हात धजत नाही. तूही करू नकोस.

शेवटचा फोटो तुझा आहे, गेल्या रविवारचा. 'या बाई रोज सकाळी गोळ्या देतात, स्वभावाने फार चांगल्या आहेत, पण तुम्ही कोण हे आता विचारायचं कसं.'

डॉक्टरांची उद्या अकराची वेळ घेतली आहे. मी कामावर निघालो.

आज गोळ्या देताना बोलण्यात तुझं नाव येऊ दे.