मशीन सुरू होईपर्यंत

८ ऑक्टोबर १९८८, शनिवार
आज सकाळी साधना दुकानात आली आणि सगळं बदललं. गेलं वर्षभर मी जे दाबून ठेवलं होतं ते एका मिनिटात वर आलं.

इंजिनिअरिंग सोडल्यापासून तिला पाहिलं नव्हतं. प्रॅक्टिकलच्या सरांशी भांडलो, फाइल टेबलावर आपटली आणि निघालो, तो परत गेलोच नाही. ती माझ्याच वर्गातली, आता शेवटच्या वर्षाला. मी बर्डीच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात.

तिच्या दादाने अमेरिकेहून पीसी आणून दिलाय. तो सुरू व्हायलाच चहा पिऊन होतो म्हणे, आणि तिचा प्रोजेक्ट त्यावर चालतच नाही. दुकानाचे मालक भाऊ मला म्हणाले, "तू जाय गा."
"तुले जमेल ना?" साधना.
"कॉलेज सोडलं, डोकं नाही सोडलं."
काय गरज होती असं बोलायची. दिवसभर तेच चावून राहिलो.

९ ऑक्टो., रवि.
प्रतापनगरला तिच्या घरी. वडील, अण्णा, खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर. मशीनवर कव्हर, कव्हरवर कुंकवाचं बोट.

बटण दाबलं. पडद्यावर टिंब-टिंब जोडून गणपती उमटायला लागला, आधी सोंड, मग कान, मग बाकीचा. तो पूर्ण झाल्यावर स्पीकरमधून आरती, पिंपिं करत. अण्णा चपला काढून हात जोडून उभे. सा. उभी. मीही उभा राहिलो. आरती संपेपर्यंत कोणी बोलत नाही. मग पंचांग आलं, त्यामागे कोपऱ्यातलं घड्याळ, मग कॅल्क्युलेटर, मग मराठी टायपिंग. तेव्हा कुठे मशीन हाती आलं.

जो कोणी पाहुणा फ्लॉपी घेऊन आला त्याने एकेक ओळ मशीनच्या ऑटोएक्झेक नावाच्या फाइलीत टाकून ठेवलीय. मशीन सुरू झालं की त्या ओळी वरून खाली चालतात. काही प्रोग्रॅम काम संपलं तरी जात नाहीत, मेमरीत मांडी घालून बसतात. कॅल्क्युलेटर तर दोनदा घातलेला. सा.च्या प्रोजेक्टला जागा उरणार कुठून. तिचा प्रोजेक्ट म्हणजे कोळशाच्या वॅगनींचं वेळापत्रक, वीज केंद्रासाठी. सोमवार २४ ला जमा करायचाय. २५ च्या गाडीने ती पुण्याला, कंपनीत मुलाखत आहे. मिळेलच तिला.

म्हणजे मशीन नीट झालं की ती गेली. आणि नीट करणार मी.

११ ऑक्टो., मंगळ.
घड्याळ, दोन्ही कॅल्क्युलेटर, मराठी टायपिंग बंद. ओळ पुसायची नाही, पुढे फक्त 'रेम' लिहायचं, मशीन ती ओळ सोडून पुढे जातं. सा.ला दाखवलं. तिने एकदा पाहिलं आणि पुढची स्वतः केली. तिचा हात की-बोर्डवर, माझा टेबलाच्या कडेला. इतकंच.
तरी प्रोजेक्ट रखडतो. पंचांगाची ओळ तशीच ठेवली. का ते इथेही लिहीत नाही.

१५ ऑक्टो., शनि.
अण्णा बँकेत गेले होते. सा. म्हणाली, "आता गणपतीही बंद कर."
"अण्णांले विचार ना आधी."
"विचारलं तर होईल का ते? माझे दिवस चालले. जमा केलं की परत लावू."
मी रेम लावला. वॅगनी पहिल्यांदा शेवटपर्यंत धावल्या. ती उठून टाळी वाजवायला गेली आणि मध्येच थांबली. आम्ही दोघे किती जवळ उभे होतो ते दोघांच्याही लक्षात आलं. बोलायला पाहिजे होतं तेव्हा. मी स्क्रू-ड्रायव्हर शोधत बसलो. खिशातच होता.

२० ऑक्टो., गुरु. दसरा
सोनं द्यायला गेलो. आज कोणाच्याही घरी जाता येतं. ठरवून गेलो होतो, आपट्याचं पान हातात देताना सांगून टाकायचं.

बैठकीत शेजारची चार-सहा माणसं. अण्णांनी मशीनची पूजा केली, झेंडूचा हार घातला, सगळ्यांना म्हणाले, आता पाहा आमचा गणपती. बटण दाबलं. पंचांग आलं आणि गेलं. मग काळा पडदा, कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकतेय. सगळे हात जोडून उभे. आरती नाही.

अण्णांनी परत बंद-चालू केलं. परत तेच.
"गणपती कोठी गेला?"
मी म्हणालो, आहे काका, पुसला नाही, झोपवलाय.
"देवाले झोपवलं? दसऱ्याच्या दिवशी? कोणाले विचारून?"
सा. हसू दाबत म्हणाली, "अण्णा, चातुर्मासात देव झोपतेच."
एक जण हसला. तिथेच घोटाळा झाला. अण्णा लालबुंद. मला म्हणाले, "ज्याले कॉलेज झेपलं नाही त्याच्या हाती घरचं मशीन दिलं, माझीच चूक. उद्यापासून येऊ नको."

मी सा.कडे पाहिलं. तूच सांगितलं होतंस ना, बोल. ती बोलली नाही. मग माझं डोकं फिरलं. म्हणालो, तुमच्या गणपतीमुळेच हिचा प्रोजेक्ट अडला होता. लोकांसमोर. खिशातली पानं टेबलावर टाकली आणि आलो.

तिला दिलंच नाही सोनं.

२२ ऑक्टो., शनि.
दुपारी सा. दुकानात. भाऊंनी आम्हाला बाहेर पिटाळलं. पानठेल्यासमोर उभे.
ती म्हणाली, पाहुणे गेल्यावर अण्णांना खरं सांगितलं. गणपती मीच बंद करवला. दोन दिवस ते माझ्याशी बोलत नाहीत.
"लोकांसमोर काहून नाही बोलली?"
"लोकांसमोर बापाले खाली पाहायले लावू का? ते काम तू केलंच ना."
मग म्हणाली, "पंचांगाची ओळ मुद्दाम ठेवली ना? मलेही रेम लावता येते, दिवाकर. मी नाही लावला."
आणि रिक्षात बसून गेली.
संध्याकाळी भाऊंनी दोनदा हाक मारली म्हणे. ऐकू आली नाही.

२४ ऑक्टो., सोम.
ती प्रोजेक्ट जमा करून घरी आली असेल तेव्हा गेलो. बोलावलं नव्हतं. अण्णांसाठी वेगळी फ्लॉपी केली होती. ती घालून बटण दाबलं तर गणपती, आरती, पंचांग, सगळं. मशीनमधल्या पंचांगालाही रेम लावला, म्हणजे फ्लॉपी नाही घातली तर मशीन सरळ कामाला.
अण्णांनी फ्लॉपी उलटसुलट पाहिली. "म्हणजे देव खिशात."
"तुम्हाले पाहिजे तेव्हा, काका."
फ्लॉपी बाजूला ठेवली, चष्मा काढला. "मशीन झालं. प्रोजेक्ट झाला. आता तू काहून आला?"
सा. दारात, हातात चहा.
मी विचार केला नाही. म्हणालो, साधनाशी लग्न करायचंय. कॉलेज पुरं करीन, नाही तर दुकान टाकीन, पण तुम्ही हो म्हणा.

अण्णा तिच्याकडे वळले. "तू सांग वं."
तिने चहा टेबलावर ठेवला. आवाज अगदी साधा.
"मी काय सांगू? यानं मले विचारलंच कोठी? तुम्हालेच विचारून राहिला."

खरंच, इतक्या दिवसांत एकदाही नाही. म्हणालो, मग आता विचारतो.
"माझ्यासमोर नाही," अण्णा म्हणाले.
सा. कपाकडेच पाहत होती. म्हणाली, "उद्या सकाळची गाडी आहे. अण्णा काही स्टेशनवर येत नाहीत, त्यांचे गुडघे दुखून राहिले."
"कोण म्हणे येत नाही?" अण्णा.
दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. कोणीच माघार घेईना. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. मी उठलो, चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. सकाळी स्टेशनवर जायचं, अण्णा असोत नसोत.