आगगाडीने येणारा दादा

प्रिय दादा,

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. कंबर धरली आहे, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नवी मुलं आली आहेत, तेव्हा भाचीच्या लग्नाला समुद्रापार येणं जमणार नाही, तिला आशीर्वाद. बरं. तुझी ही कंबर मोठी हुशार आहे, विमानाचं तिकीट काढायची वेळ आली की बरोबर धरते. लेकीला फोनवर वाचून दाखवलं, तर ती एवढंच म्हणाली, "बाबा नाहीत, आता मामाही नाही, मग माझ्या बाजूने उभं कोण राहणार गं आई?" पण ते असू दे. आज मी तुला भलतंच काही सांगायला बसले आहे. मी तुझ्या विंगमध्ये जाऊन आले.

हो, तुझ्याच. हवाई दलाच्या त्या लढाऊ विमानांच्या विंगने विमानं ठेवायच्या जुन्या हँगरमध्ये संग्रहालय उघडलंय आणि रविवारी कोणालाही आत सोडतात. मी दोन्ही चष्मे पर्समध्ये टाकले आणि दार उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. लहानपणी मी तुला विचारायचे, दादा, तुम्ही वर जाऊन नक्की करता काय? तू म्हणायचास, "घरोघरी दूध टाकतो." मी ते वर्गात मान ताठ करून सांगितलं होतं! तुमची विमानं आमच्या कॉन्व्हेंट शाळेवरून गेली की शिकवणाऱ्या सिस्टर वाक्य अर्ध्यात सोडायच्या, खडू हवेत धरून थांबायच्या, आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे चालू. एरवी त्यांना गप्प करणारं जगात कोणी नव्हतं. मला वाटायचं, माझ्या भावाने केलं.

तर तुमचं पहिलं विमान म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेलं कापड रे! पहारेकऱ्याची पाठ वळल्यावर मी हळूच बोट दाबून पाहिलं, तबल्यासारखं वाजलं. मग पत्र्याची आली, मग पंखा जाऊन जेट आली, त्यांना लांब धावपट्टी हवी म्हणून फुटबॉलचं मैदान गेलं. आणि मग तुझं विमान. एवढंसं? मी आपली मनात घराएवढं धरून बसले होते. शिडी चढून आत डोकावले, तर न्हाणीघरातल्या टबात बसावं तशी जागा. डबा कुठे ठेवायचात, हा प्रश्न मी तिथल्या मुलीला विचारला, ती बिचारी अधिकारी असून गडबडली. पण खरं कुतूहल मला वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. हँगरच्या चार भिंतींपैकी लढाईला एकच भिंत दिलेली. बाकीच्या तिन्ही भिंती शांततेच्या काळाच्या. शांततेच्या काळात लढाऊ विमानं करतात तरी काय?

तेवढ्यात मागून कोणी म्हणालं, "हे नाक मी कुठेही ओळखीन." वळून पाहते तो तुझ्या जोडीने उडणारा जिराफ! आठवतो ना, सुट्टीत तुझ्याबरोबर आपल्या घरी यायचा आणि त्याच्या पायांसाठी बाबा कॉटला स्टूल जोडायचे? आता काठी घेतो, तरी मान तशीच उंच. दर रविवारी तिथे लोकांना माहिती सांगतो. मला कँटीनमध्ये नेलं, चहा पाजला आणि धावपट्टीच्या कडेची तुमची खोली दाखवली. तुम्ही दोघे म्हणे तिथे बूट घालूनच पत्ते खेळत बसायचात, घंटा वाजली की पानं टाकून पळायचं. घंटा नेमकी तो जिंकत असतानाच वाजायची, आणि ती तूच वाजवायला लावायचास असा त्याचा आजही संशय आहे.

ती घंटा कशासाठी, हे मला कधी माहीतच नव्हतं. एखादं प्रवासी विमान रेडिओला उत्तर देईनासं झालं की तुम्हा दोघांना वर पाठवायचे. तू त्याच्या डाव्या अंगाला जायचास, कारण कॅप्टन डावीकडे बसतो, आणि विमान डावी-उजवीकडे कलतं करून पंख हलवायचास. म्हणजे, मी आलोय, माझ्यामागे या. त्याने पंख हलवले म्हणजे, दिसलात, कळलं. बहुतेक वेळा रेडिओचं बटण चुकीचं फिरलेलं असायचं. एका कॅप्टनने तर ओशाळून कॉफीचा कप उंचावून दाखवला, असं सांगताना जिराफ इतका हसला की त्याला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाला, "तुझ्या दादाला सगळ्यांनी पंख हलवून उत्तर दिलं. त्या एकाला सोडून."

त्या एकाला म्हणजे कोणाला, मी विचारलं. त्याला वाटलं होतं, मला माहीत असेल. बराच वेळ तो चमचा फिरवत बसला. चहात साखर नव्हतीच.

त्याने सांगितलं ते मी इथे पुन्हा लिहीत नाही, दादा. तू तिथे होतास. आतली हवा विरळ होऊन सगळे झोपी गेलेलं ते विमान, आतून हिम धरलेल्या खिडक्या. इंधन कमी झालं म्हणून जिराफ परतला आणि तू परतला नाहीस. कोणी पाहणार नाही हे कळत असूनही तू शेवटपर्यंत, ते कोसळेपर्यंत, शेजारी पंख हलवत राहिलास. खाली आल्यावर जिराफने विचारलं, कशासाठी? तर तू म्हणालास, "एखादं पोर जागं झालं असतं तर? बाहेर कोणीतरी दिसायला हवं ना."

पुढच्याच वर्षी तू नोकरी सोडलीस आणि लोकांना गाडीचा क्लच शिकवायला लागलास. माझ्या लग्नाला दोन गाड्या बदलून, केसांत धूळ घेऊन, जेवणं उरकल्यावर पोचलास. सगळा मांडव हसला होता, विमानवाला आगगाडीने आला! सगळ्यात मोठ्याने तूच हसलास. मला आता ते हसणं पुन्हा एकदा ऐकावंसं वाटतंय, नीट कान देऊन.

मी तुला काही विचारणार नाही. सिस्टरांसारखी खडू धरून थांबेन, तुला वाटेल तेव्हा वाटेल त्या शब्दापासून सुरू कर, नाहीतर करूच नकोस. हे पत्र लिहिलं ते वेगळ्याच कारणाने. समुद्रापार आगगाडी जात नाही, पण बोट जाते. पोचायला पंधरवडा लागतो. मीही विमानाचं तिकीट रद्द करून बोटीची एक केबिन घेतली आहे, दोघांची. खालचा बिछाना तुझा, कंबरेसाठी. पत्ते मी आणते, घंटा तिथे फक्त जेवणाची वाजते. लेकीला अजून काही सांगितलेलं नाही. तुझ्या डाव्या अंगाला येऊन मी पंख हलवतेय, दादा. तू एकदा हलव, की लगेच तिला फोन करते.

तुझीच,
नाकवाली धाकटी