बरोबरीत सोडवलेली मॅच

९ मे, शुक्रवार
संकल्प : रोज प्राणायाम. चहा बंद. चॅम्पियन माणसानं शरीर जपलं पाहिजे. रेल्वे गार्डच्या नोकरीतून रिटायर झालो, पण दौंडच्या क्लबात बिलियर्ड्सला मला हरवणारा अजून जन्मायचाय. अध्यक्ष रखमाजी आप्पा म्हणतात, दुसरं खेळतंय कोण? आप्पा जुने पैलवान. त्यांना यातलं काय कळतंय!

संध्याकाळी एक अकरा वर्षांची पोरगी आली. सुट्टीला आत्याकडं आलीय. हनुवटी जेमतेम टेबलाला लागते. लागोपाठ इतके पॉइंट केले, की बोर्डावर लिहिणारा लिहायचंच विसरला. नशीब, दुसरं काय! नाव विचारलं. म्हणाली, हर्षदा, पाबळची. मोनालीची मुलगी.

मोनाली म्हणजे माझी लेक.

चहा घेतला. दोनदा.

१० मे
मोनाली लहानपणी माझ्याबरोबर खेळायची. पंधराव्या वर्षी मला भारी पडायला लागली, म्हणून तिचं क्लबात येणं बंद केलं. तिच्याच भल्यासाठी. पुढं मला न विचारता मल्हारशी लग्न केलं. मी गेलो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. आता पोरीला तिनंच शिकवलं म्हणे, शिरूरच्या पूल पार्लरमध्ये. म्हणजे मूळ विद्या माझीच.

१२ मे
पोरीनं चारचौघांत चॅलेंज दिलं. म्हणाली, रविवारी आमच्या नव्या घराची वास्तुशांत हाय. माहेरचा आहेर घेऊन कुणीच येणार न्हाई म्हणून मम्मी रडती. मी जिंकले तर आजोबा, तुम्ही साडी घेऊन यायचं.

मी म्हणालो, आणि मी जिंकलो तर तू पुन्हा क्यूच्या काठीला हात लावायचा नाही.

व्हय, म्हणाली. डोळ्याला डोळा भिडवून. उद्धट कार्टी! आमच्या घराण्यात असं कुणी नाही.

१५ मे, गुरुवार
मॅच. शंभर पॉइंट आधी करील तो जिंकला. कारणं नोंदवून ठेवतो : पंख्याचा वारा उजवीकडून, चष्मा जुना, चॉक दमट. पोरगी त्र्याण्णव, मी एक्केचाळीस. आता मी उसळी घेणार, तेवढ्यात आप्पा उठले, आम्हा दोघांचे हात धरून वर केले आणि ओरडले, बरोबरीत सुटली! जत्रेच्या आखाड्यात एखाद्या नावाजलेल्या मल्लाची कुस्ती सोडवतात, तशी. दोघांना नारळ, टॉवेल. टाळ्या.

आप्पांनी पोरीची लाज राखली. पण तिला कुठली कदर! सातच राहिले होते, म्हणाली. आप्पा म्हणाले, म्हाताऱ्या माणसाचा मान राखावा, बाळा. कुठल्या म्हाताऱ्याबद्दल बोलत होते, कळलं नाही.

ती नारळ पोटाशी धरून सगळ्यांना विचारत होती, मग आजोबा येणार का न्हाई? आप्पांनी मान खाली घातली. मी सांगितलं, बरोबरीत कुणी कुणाला बांधलेलं नसतं.

१७ मे
साडी घेतली. हिरवी, काठाची. जायचं म्हणून नव्हे, सेल होता. मोनालीची आई असती तर रंग तिनंच निवडला असता. दुकानदारानं विचारलं, लेकीला का? सुटे पैसे तसेच सोडून बाहेर आलो. दुकानात उकडत फार होतं.

१८ मे, रविवार. सकाळ
इस्त्रीचा शर्ट घातला, साडी पिशवीत घेतली, एसटी स्टँडवर आलो. गाडीत जागा नाही. चॅम्पियन माणसानं शिरूरपर्यंत उभ्यानं जायचं? शोभत नाही. पुढच्या गाडीनं जाईन.

दुपार
पुढच्या गाडीत जागा होती. पण ऊन फार झालं होतं. आणि दारात गेल्यावर मोनालीनं आत या म्हटलंच नाही तर? घरी आलो. माघार नव्हे, विश्रांती.

संध्याकाळ
हर्षदाचा फोन, आप्पांच्या मोबाइलवरून. आप्पा तिकडं कसे, विचारलं. म्हणाली, सकाळीच आलेत, साडी घेऊन. आपल्यामुळं पोरीचा डाव मोडला, असं मम्मीला सांगत होते. पण मम्मी आहेर घेईना. तुमच्यासाठी पाट मांडून ठेवला होता, पार जेवणाच्या पंगती उठस्तोवर. कुणाला बसू देईना. मग लई रडली आन् आप्पांना म्हणाली, बसा तुम्हीच.

आता तुम्ही न्हाई आलात तरी चालंल, आजोबा.

बरं झालं, म्हणालो. पाट रिकामा ठेवू नये.

फोन ठेवला आणि मोठ्यानं रडलो.