खमसिंगला ताप होता

रोई एट, थायलंड, १२ ऑगस्ट १९९९

ती. प्रानीताईस, लम्दुअनचा सा. न. वि. वि.

चिठ्ठी खोन केनच्या बसवाल्याबरोबर पाठवतेय. फोन सरपंचाच्या घरी, आणि तिथे अख्खं गाव कान टवकारून बसलेलं असतं.

ताई, जीव नकोसा झालाय. खमसिंग मोटारसायकलवरून पडून गेला, त्याच्या दोन्ही किडन्या मी बायको म्हणून सही करून दिल्या, हे तुला ठाऊकच आहे. त्या काढण्याआधी तिथल्या नर्सबाईंनी विचारलं होतं, अलीकडे ताप वगैरे? मी म्हटलं, छे, रेड्यासारखा धडधाकट होता. खोटं बोलले गं! भातलावणीत अनवाणी चिखलात राबून आठ दिवस फणफणला होता. पण जन्मभर डुकरं कापली त्याने. हे एवढं एक पुण्य पदरात पडत होतं, तापाचं ऐकून तेही नाकारतील असं वाटलं.

परवा त्याच बाईंचा फोन आला. किडन्या मिळालेले दोघेही तापाने पडलेत, कारण सापडत नाही, नीट आठवा म्हणाल्या. मी पुन्हा नाहीच म्हटलं. आता खरं सांगितलं तर त्याचं पुण्य जाईल का? तू इस्पितळात कपडे धुतेस, तुला कळतं.

माया पातळ करू नकोस.

तुझी लम्दुअन


खोन केन, १२ ऑगस्ट, संध्याकाळ

चि. लम्दुअनला अ. उ. आशीर्वाद.

अगं बये, पुण्य काय कवटाळून बसलीस! आमच्या सिस्टरना नाव न सांगता विचारलं. चिखलातला जंतू असेल म्हणाल्या. किडनी बसवलेल्यांची रोगाशी लढायची ताकद औषधांनी मुद्दाम कमी केलेली असते, त्यांना तो चार दिवसांत खातो. त्यावर औषध वेगळं असतं, पण संशय यायला तर हवा! चिठ्ठी वाचलीस की तशीच उठ आणि फोन कर. ऐकू दे गावाला.

रागावलेली, तरी तुझीच,
प्रानी


रोई एट, १९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

तुझी चिठ्ठी हातात पडली तशीच उठून फोनवर सांगितलं. सरपंचीणबाई डोळे वटारून ऐकत होत्या. नर्सबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. औषध लगेच बदललं. एक जण आता उठून पेज पितो. दुसरा मी फोन करायच्या आदल्या दिवशीच गेला होता. म्हणजे मी दुसऱ्यांदा नाही म्हटल्यावर.

फार थकलेय, ताई. आज विहारात भिक्षूंना भात वाढला. पाणी सोडताना ज्याला पुण्य द्यायचं त्याचं नाव घ्यावं लागतं. त्या गेलेल्या माणसाचं नाव विचारलं होतं, पण नर्सबाई म्हणाल्या, नियमात बसत नाही. मग 'आमची किडनी घेतलेला' एवढंच म्हणाले, आणि खमसिंगसाठी थेंबही न ठेवता सगळं पाणी त्याला सोडलं.

जमलं तर ये.

लम्दुअन