काझाने-तीन, तेरा तारीख

२० जानेवारी, सोमवार. सकाळी ९.१०
ठरलं. काझाने कंपनी आपल्या नव्या गेम मशीनची, म्हणजे काझाने-तीनची, घोषणा १३ फेब्रुवारीला करणार. या घडीला हे जगात दोघांनाच माहीत आहे. एक कंपनीचे अध्यक्ष, दुसरा मी. अध्यक्षांचं नक्की सांगता येत नाही.

पुरावा भक्कम. कंपनीच्या वेबसाइटवरच्या बोधचिन्हातलं पाखरू शनिवारपर्यंत डावीकडे बघत होतं, आज उजवीकडे बघतंय. पंखाला पिसं तेरा. पहिल्यांदा मोजली तेव्हा बारा आली होती, पण तेव्हा चष्मा नव्हता.

फुमिएला सांगितलं. ती म्हणाली, आधी दुकानाचं शटर पूर्ण वर कर, गिऱ्हाईक वाकून आत येतंय. मोठ्या गोष्टी बायकोला नेहमी सगळ्यात शेवटी कळतात.

संकल्प: आजपासून रोज दुपारी माझ्या चॅनलवर थेट कार्यक्रम. काझाने-दोन पांढरं असणार हे आठ वर्षांपूर्वी आमच्या अख्ख्या निप्पोनबाशी बाजारात सगळ्यांत आधी मी सांगितलं होतं. (फुमिए म्हणते, त्याच आठवड्यात काळं आणि लालही सांगितलं होतंस. तिला विश्लेषणाची पद्धत माहीत नाही.)

२१ जानेवारी, मंगळवार
मागच्या गल्लीतल्या उमेमोतो आजी माझ्या गेम-दुरुस्तीच्या दुकानात आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. रुमालात बांधलेली जुनी कॅसेट घेऊन. तीस वर्षांपूर्वीचा राक्षस मारायचा गेम. त्यांचे यजमान सेइजी खेळायचे, ते चार वर्षांपूर्वी गेले. आजी स्वतः खेळत नाहीत. रोज सकाळी मशीन चालू करतात, पडद्यावर ‘सेइजी’ असं नाव येतं, त्यांचा छोटा माणूस उभा दिसतो. त्याला सुप्रभात म्हणतात आणि बंद करतात.

अशा कॅसेटमधला सेल संपला की आतलं सगळं पुसलं जातं, असं कोणीतरी त्यांना सांगितलं. घाबरून आल्या. मी लावून बघितली. नाव आहे, माणूस आहे. सेल मात्र आज-उद्याचा सोबती. नवा बसवायला अर्धा तास पुरे. म्हटलं, आजी, निर्धास्त राहा, उद्या तयार. जाता जाता त्यांना पाखराचंही सांगितलं. म्हणाल्या, हो का, बरं झालं, एकाच बाजूला बघून मान अवघडली असेल बिचाऱ्याची.

समजूतदार बाई.

२४ जानेवारी, शुक्रवार. दुपारी ४
कार्यक्रमाला अकरा प्रेक्षक. त्यातला एक मी, दुकानाच्या दुसऱ्या कम्प्युटरवरून.

आज नऊ भाकितं जाहीर केली. मशीन घडीचं असणार. रंग पांढरा. कंट्रोलर गोल. आवाज शून्य. बाकीची पाच कार्यक्रमाच्या भरात सुचली, ती नंतर ऐकून लिहून काढायची आहेत.

आजींचा फोन. म्हटलं, उद्या.

२७ जानेवारी, सोमवार
शेजारचा इनादोमे दुकानात आला. ओकोनोमियाकी, म्हणजे कोबीची जाड धिरडी, विकतो, त्यामुळे बोलतानाही काहीतरी उलटत असल्यासारखा हात हलवतो. विचारत होता, तेरा तारखेला नाही झालं काही तर? म्हटलं, इनादोमे, तू कोबी चीर. तो म्हणाला, कोबी चिरतोच आहे, पण माझ्या कोबीला निदान माहीत असतं आज आपली वेळ आलीय ते.

जळतात लोक.

मोहल्ला समितीकडून तीस खुर्च्या आणल्या. तेरा तारखेला दुकानात सगळ्यांनी मिळून घोषणा बघायची. दारावर कागद लावला. खुर्च्या ठेवायला दुरुस्तीचं टेबल भिंतीला सरकवावं लागलं. आता तिथपर्यंत पोचता येत नाही. कॅसेट टेबलावर आहे, म्हणजे सुरक्षित आहे.

३० जानेवारी, गुरुवार
आजी स्वतः आल्या. खुर्च्यांतून वाट काढत माझ्यापर्यंत पोचल्या, हे मानलं पाहिजे. म्हणाल्या, घाई नाही हो शिगेमात्सु, पण सकाळी घर फार गप्प वाटतं. मी त्यांना कंपनीच्या अध्यक्षांच्या टायचा फोटो दाखवला. टायवर तेरा पट्टे. त्यांनी मनापासून बघितला. मग म्हणाल्या, छान आहे टाय. सोमवारी येऊ का?

या म्हटलं. लगेच वहीत लिहिलं: सोमवार, सेल. अधोरेखित. दोनदा.

२ फेब्रुवारी, रविवार. सेत्सुबुन
हिवाळा संपल्याचा सण. शुभ दिशेला तोंड करून अख्खा सुशी रोल एका दमात, एक शब्द न बोलता खायचा दिवस. खाल्ला. फुमिए म्हणाली, वर्षातली सगळ्यात सुखाची चार मिनिटं. मग मुखवटा घालून राक्षस झालेल्या माणसाला मारायचे भाजलेले दाणे तिने मला मारले. राक्षसाचा मुखवटा मी अजून घातला नव्हता.

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०
नऊ खुर्च्या रस्त्यावर काढून टेबल गाठलं. सेल बदलण्याआधी एकदा लावून बघितली.

नाव नाही.

पुन्हा लावली. फुंकर मारली. टोकं अल्कोहोलने पुसली. पडद्यावर फक्त ‘नवीन खेळ सुरू करा’.

शांतपणे विचार केला तर माझी चूक नाही. तो सेल माझ्याकडे आला तेव्हाच गेलेला होता. (२१ तारखेची नोंद वाचली. तिथे ‘नाव आहे, माणूस आहे’ असं लिहिलंय. घाईत लिहिलं असणार.) शिवाय थंडी. थंडीत सेल मरतात. जानेवारीत थंडी पाडली कोणी? मी नाही.

११.३० ला आजी आल्या. मी पुस्तकांच्या कपाटामागे होतो. फुमिएने त्यांना सांगितलं, गुरुवारी नक्की. मग कपाटामागे डोकावून विचारलं, काय केलंस तू?

काही नाही म्हटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७
मार्ग सापडला. साधा आहे. नवा सेल बसवला. नवीन खेळ सुरू केला. नाव टाकलं: सेइजी. आता फक्त तो होता तिथपर्यंत खेळत जायचं.

अडचण एकच. तो होता कुठे? मी पडदा बघितला होता, पण तेव्हा पाखराबद्दल बोलत होतो.

काही हरकत नाही. कमी पडण्यापेक्षा थोडं जास्त बरं. हा गेम मी शाळेत असताना तीनदा संपवलाय. बसतो.

दुपारी २
बारावी पातळी. चांदीची ढाल. आजचा कार्यक्रम रद्द. चॅनलवर लिहिलं: गुप्त कामात आहे. आठवड्यावर आलेल्या घोषणेआधी असं गूढ ठेवलेलं बरं दिसतं.

५ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी १२.२०
दुकान बंदचा वार. सकाळी सहापासून खेळतोय. एकतिसावी पातळी. ज्वालांची तलवार मिळाली. गेलेल्या माणसाला काही कमी पडू द्यायचं नाही.

१२.४०
इनादोमे शटर वाजवत होता. उघडलं नाही. राक्षसाच्या किल्ल्यात होतो.

१.१५
फुमिए जेवण घेऊन आली. म्हणाली, झाली.
काय झाली?
तुझी ती घोषणा. सकाळी दहाला. सगळ्या बातम्यांत आहे. रस्त्यात लोक फोन बघत उभे आहेत. तुला कसं नाही कळलं?

१.५०
बघितलं. मशीन घडीचं नाही. रंग काळा. कंट्रोलर चौकोनी. मी ‘पांढरा’ म्हटलं होतं ते खोक्याबद्दल असू शकतं. खोकंही काळं आहे. पण खोक्यावरची अक्षरं पांढरी आहेत. हे कोणी बघत नाही.

चॅनलवर एकच प्रतिक्रिया आली. ‘काका, जेवलात का?’

६ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १२
आजी आल्या. नवा रुमाल घेऊन, कॅसेट बांधून न्यायला. म्हणाल्या, एकदा इथे दाखवा, मग नेते.

लावली. नाव आलं, सेइजी. आजींचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, जमलं. मग त्याच हसऱ्या चेहऱ्याने त्या पुढे वाकल्या.

म्हणाल्या, याच्या हातात तलवार आहे.
मी म्हटलं, ज्वालांची. फार दुर्मिळ असते.
त्या म्हणाल्या, सेइजी कधी या खेळातल्या गावाबाहेर गेलाच नाही. पहिल्या दिवशी वेशीबाहेर पाऊल टाकलं आणि एका ससाण्याने मारलं. एवढा घाबरला की परत कधी नाही. सव्वीस वर्षं गावातच फिरायचा. सगळ्यांची चौकशी करायचा आणि विहिरीपाशी येऊन उभा राहायचा. मी चिडवायचे त्याला, अरे राक्षस काय विहिरीवर पाणी भरायला येणार आहे का? तर म्हणायचा, इथली माणसं चांगली आहेत.
मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, हा कोण आहे?

मी थंडीचं सांगायला सुरुवात केली. फुमिए आतून येऊन शेजारी उभी राहिली. ती काही बोलली असती तर मी थंडीचं पूर्ण केलं असतं.

सांगितलं सगळं. खुर्च्या, टेबल, पाखरू, टाय. अर्ध्या तासाचं काम होतं हेही.

आजी खाली बसल्या. तीस खुर्च्यांतल्या एका खुर्चीवर. फुमिएने चहा दिला, तो तसाच निवला. मी मान खाली घालून म्हटलं, मला माफ करा. त्या म्हणाल्या, उद्या येते.

फुमिएने दाणे मारले नाहीत. मारले असते तर बरं वाटलं असतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी तीसही खुर्च्या परत केल्या. सहा फेऱ्या. इनादोमेने निम्म्या उचलल्या. शेवटच्या फेरीला म्हणाला, काझाने-चार केव्हा येणार रे? मी तोंड उघडलं. तो म्हणाला, नको, नको, सांगू नकोस.

आजी तीन वाजता आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, तो तलवारवाला पुसून टाक. मला अनोळखी माणूस घरात नको.
पुसला.
म्हणाल्या, आता नवीन सुरू कर. मी ‘से’ टाकला तर हातावर चापटी मारली. म्हणाल्या, त्याचं नाही. तुझं टाक.
‘शिगे’ टाकलं. तीनच अक्षरांची जागा आहे.
म्हणाल्या, ने त्याला विहिरीपाशी. ने. आणि उभा राहा तिथे. इकडे तिकडे जायचं नाही. रोज सकाळी मला बोलायला कोणीतरी लागतं. सेइजीला सुप्रभात म्हणायचे. तुला म्हणायला माझ्याकडे वेगळं पुष्कळ आहे.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अरे-तुरे केलं. कॅसेट रुमालात बांधून घेऊन गेल्या. फुमिए त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली. दोघी हसत होत्या असं वाटलं. वारा असेल.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ८.४५
आजींचा फोन. म्हणाल्या, मशीन चालू केलंय, दिसतोयस. पडद्याशी बोलून पोट भरेना, म्हणून तुलाही ऐकवते.
अकरा मिनिटं ऐकून घेतलं. मध्ये दोनदा ‘हो’ म्हटलं.
सोमवारी पुन्हा फोन करणार आहेत. रविवारी मला सुट्टी.